स्पोर्ट्स कारचे दहा किलो नेमके कुठून कमी होतात?

पोर्शेने २००९ च्या अखेरीस एक बॅटरी जाहीर केली. ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या तीन गाड्यांसाठी ती जानेवारी २०१० पासून मिळणार होती. बॅटरी लिथियमची, वजन सहा किलोंहून कमी. म्हणजे त्याच गाडीतल्या ६० अँपिअर-अवरच्या (हे बॅटरीतल्या साठ्याचं माप) शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून हलकी. जर्मनीत तिची किंमत होती १,९०४ युरो. आणि ही बॅटरी घेणाऱ्याला कंपनी गाडीबरोबर जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरीही देत होती. थंडी पडली की लिथियम काढा आणि शिसं बसवा, अशी सोय.

एवढे पैसे मोजून दोन बॅटऱ्या सांभाळायच्या, तर हाती काय लागतं? त्या पिढीच्या जीटी३चं वजन १,३९५ किलो आणि ताकद ४३५ अश्वशक्ती. दहा किलो म्हणजे वजनाच्या ०.७ टक्के. वेग घेण्यापुरतं बोलायचं तर हा फरक इंजिनात तीनेक अश्वशक्ती वाढवल्याइतका. आकडा छोटा आहे, पण वजन कमी करण्याचा फायदा वेग घेण्यापुरता राहत नाही. ब्रेक मारताना आणि वळण घेतानाही तो मिळतो. वाढवलेली अश्वशक्ती तिथे कामाला येत नाही. शिवाय वजन कुठे बसलं आहे हेही महत्त्वाचं. गाडी वळवताना तिच्या मध्यापासून दूर असलेली वस्तू अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरोध करते, म्हणजे अंतर दुप्पट तर विरोध चौपट. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये बॅटरी मागे डिकीच्या कोपऱ्यात असते. तिथले पाच किलो सीटखालच्या पाच किलोंपेक्षा गाडीच्या चपळपणावर कितीतरी जास्त परिणाम करतात.

हलक्या बॅटरीत पैसे घालणाऱ्याला म्हणूनच मी वेडा म्हणणार नाही. मात्र हे दहा किलो कमी होतात कुठून, हे कळल्याशिवाय बॅटरी निवडू नये असं मला मनापासून वाटतं. कारण ‘लिथियम हलकं म्हणून बॅटरी हलकी’ हे उत्तर अर्धंच खरं आहे.

आधी बॅटरीचं काम पाहू. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर साधारण १५० अँपिअर ओढते असं धरू, आणि इंजिन तीन सेकंदांत चालू होतं असं धरू. हे झाले ४५० अँपिअर-सेकंद. तासांच्या हिशोबात मांडलं तर फक्त ०.१२५ अँपिअर-अवर. मोठ्या इंजिनासाठी हा आकडा दुप्पट करा, तरी पाव अँपिअर-अवर. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीतला एवढासा अंश गाडी चालू करायला लागतो, आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा जनरेटर, तो थोड्याच वेळात भरून काढतो. सेल्फला साठा नको असतो, जोर हवा असतो. दोन-तीन सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज पडू द्यायचं नाही.

मग उरलेला साठा कशासाठी? तो गाडी उभी असतानासाठी. कुलूप लावल्यावरही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, इंजिन कंट्रोल युनिटची मेमरी हे सगळं थोडा थोडा करंट खात राहतं. आधुनिक गाडीत ३० मिलिअँपिअर धरले, तर १८ अँपिअर-अवरची बॅटरी ६०० तासांत, म्हणजे २५ दिवसांत रिकामी होते. ६० अँपिअर-अवरची सुमारे ८३ दिवस टिकते. साठ्याचं दुसरं काम म्हणजे वाटेत अल्टरनेटरचा पट्टा तुटला तर दिवे आणि फ्युएल पंप चालू ठेवून घर गाठणं.

आता शिसं इतकं जड का पडतं ते बघू. शिशाच्या बॅटरीत दोन इलेक्ट्रॉन मिळवायला शिशाचा एक अणू, लेड डायऑक्साइडचा एक रेणू आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे दोन रेणू खर्ची पडतात. हिशोब केला तर कागदावर किलोमागे सुमारे १७० वॅट-अवर मिळायला हवेत. प्रत्यक्षात मिळतात ३० ते ४०. कारण प्लेटांमधलं बरंचसं शिसं रासायनिक क्रियेत भागच घेत नाही. ते नुसती जाळी आणि करंट वाहून नेणारा सांगाडा म्हणून बसलेलं असतं. त्यात अ‍ॅसिडमधल्या पाण्याचं वजन, आणि ते पाणी वीज साठवत नाही. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली तेव्हापासून तिच्यात खूप सुधारणा झाल्या, पण हे मृत वजन काही सुटलं नाही.

लिथियमचा अणू शिशाच्या अणूच्या तिसाव्या हिश्शाचा, हे खरं. पण स्टार्टर बॅटऱ्यांमध्ये जे रसायन सर्रास वापरतात, त्या लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये हा हलका अणू लोखंड आणि फॉस्फेटच्या जड पिंजऱ्यात बसलेला असतो. एका इलेक्ट्रॉनमागे त्या पिंजऱ्याचं वजन शिशाच्या अणूच्या अर्ध्याहून जास्तच भरतं! तरी हे रसायन जिंकतं, आणि त्याची कारणं वेगळी आहेत. सेलचं व्होल्टेज २.१ ऐवजी सुमारे ३.३ असतं, म्हणून सहाऐवजी चारच सेल पुरतात. भरलेल्या पदार्थाचा जवळजवळ सगळा भाग कामाला लागतो. आणि आतला द्रव फक्त आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंची, ने-आण करतो, क्रियेत खर्च होत नाही, त्यामुळे तो थोडा लागतो.

या रसायनाची गोष्ट मला फार आवडते. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी ते प्रसिद्ध केलं. गुडइनफ यांना पुढे २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. मूळ निबंधात या पदार्थाची शिफारस कमी जोराच्या सेलसाठी केली होती, कारण त्यातून वीज फार सावकाश वाहते. पुढे संशोधकांनी त्याचे कण अतिसूक्ष्म केले, कणांवर कार्बनचा पातळ थर चढवला, आणि तेच रसायन जोरदार करंट देणाऱ्यांमध्ये गणलं जाऊ लागलं. ए१२३ कंपनीचा २६ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा प्रसिद्ध सेल घ्या. वजन ७६ ग्रॅमच्या आसपास, आणि सलग ७० अँपिअर देण्याची क्षमता. असे सोळा सेल, चार-चारच्या चार समांतर रांगांत, जोडले तर वजन सव्वा किलोच्या आत राहतं आणि २८० अँपिअर मिळतात. साठा मात्र जेमतेम १० अँपिअर-अवर.

खरी मेख इथेच आहे. पोर्शेची ती बॅटरी १८ अँपिअर-अवरची होती. कंपनीचं म्हणणं असं की शिशाच्या बॅटरीची तीसेक टक्केच क्षमता प्रत्यक्षात वापरता येते, म्हणून लिथियमचे १८ हे शिशाच्या ६० च्या बरोबरीचे. सेल्फ मारण्यापुरतं हे पटतं. पण आता शिशाचीच, पण छोटी बॅटरी बघा. एजीएम प्रकारात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या पॅडमध्ये शोषलेलं असतं. ट्रॅकवर धावणाऱ्या हलक्या गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरली जाणारी ओडिसी पीसी६८० ही १६ अँपिअर-अवरची एजीएम बॅटरी साधारण सात किलोंची आहे. म्हणजे सोळा-सतरा किलोंवरून सातवर येण्याचं मोठं काम शिशानेच, नुसता आकार कमी करून केलं. त्यापुढे लिथियमने वाचवला तो एखादा किलो. अर्थात त्या एका किलोबरोबर सेल्फचा जोर बराच जास्त मिळतो आणि बॅटरी बरीच खाली उतरवली तरी तिचं फारसं बिघडत नाही. पण कमी झालेलं वजन मुख्यतः राखीव साठ्याचं आहे, हे कुठलाही विक्रेता आपणहून सांगत नाही.

थंडीत बॅटरी बदलायची ती का? शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करताना लिथियमचे आयन निगेटिव्ह बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत. मग ते पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात. क्षमता कायमची जाते, आणि साचलेल्या धातूचे काटे वाढले तर आतून शॉर्ट होण्याचा धोका असतो. थंडीत सेल्फलाही ती मरगळल्यासारखी वाटते. हेडलाइट मिनिटभर लावून ठेवले की आतून वाहणाऱ्या करंटने सेल जरा गरम होतात आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी चालू होते. श्टुटगार्ट, टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवायलाच हवं. महाराष्ट्रात आणि गोव्यात हा प्रश्न जवळजवळ नाही. आपल्याकडे काळजी उन्हाळ्याची. बॉनेटखाली इंजिनाला चिकटून बॅटरीची जागा असेल तर लिथियमच्या फंदात पडू नये, असं माझं मत आहे.

चार्जिंगचं व्होल्टेज हा याहून महत्त्वाचा मुद्दा. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरायचा असतो, चार सेल मिळून १४.६. शिशाची बॅटरी थंडीत भरायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पुष्कळ आधुनिक गाड्या थंडीत व्होल्टेज चढवतात, कधी १५ च्या जवळ. म्हणजे लिथियमला चार्जिंग जपून हवं असतं, नेमकं तेव्हा गाडी जोर लावते. चांगल्या लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचं सर्किट असतं आणि धोका दिसला की ते बॅटरीचा गाडीशी असलेला संपर्क तोडतं. पण धावत्या गाडीत बॅटरी सुटली तर अल्टरनेटरचं व्होल्टेज वरखाली उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्सला दणका बसू शकतो. बॅटरी विकत घेण्याआधी मल्टिमीटर टर्मिनलवर लावा, इंजिन आयडलवर आणि मग ३,००० आरपीएमवर ठेवून व्होल्टेज वाचा. १४.६ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या गाड्यांमध्ये तर हे हमखास करावं. घरातला जुना चार्जरही तपासा. प्लेटांवर सल्फेटचे खडे जमलेल्या शिशाच्या बॅटरीला जीवदान देणारा त्याचा मोड १५ व्होल्टच्या वर जाऊ शकतो. तो लिथियमला लावायचा नाही.

लेबलवरचे आकडे वाचताना सावध राहा. सीसीए म्हणजे थंडीत उणे १८ अंशांवर मिळणारा करंट. पण अमेरिकन एसएई पद्धतीत ३० सेकंदांनंतर व्होल्टेज ७.२ च्या वर राहावं लागतं, युरोपीय ईएन पद्धतीत १० सेकंदांनंतर ७.५, आणि जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत ३० सेकंदांनंतर ९. त्यामुळे एकाच बॅटरीवर तीन वेगळे आकडे येतात. काही लिथियम बॅटऱ्यांवर तर नेहमीच्या तापमानाला पाच सेकंदांपुरता मिळणारा करंट छापलेला असतो आणि साठा ‘शिशाच्या तुलनेत’ इतका, असा फुगवून लिहिलेला असतो. खरा आकडा वॅट-अवरचा. त्याला १२.८ ने, म्हणजे चार सेलच्या सरासरी व्होल्टेजने, भागा, म्हणजे खरे अँपिअर-अवर कळतात.

वॅट-अवर आणखी एका कामाला येतात. १८ अँपिअर-अवरची बॅटरी २३० वॅट-अवर भरते. प्रवासी विमानात सोबत नेण्याची मर्यादा १०० वॅट-अवर, विमान कंपनीच्या परवानगीने १६०. सुट्टीला येणाऱ्या भावाला ‘बॅगेतून घेऊन ये’ असं सांगू नका, ती विमानतळावरच काढून घेतील.

बसवताना जुन्या ट्रेमध्ये छोटी बॅटरी सैल राहते. वळणात सरकून टर्मिनल पत्र्याला लागलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. पट्टी आणि बैठक नीट बनवून घ्या. डिकीत शिशाची बॅटरी असेल, मग ती एजीएम का असेना, तर हायड्रोजन बाहेर नेणारी नळी जोडलेलीच हवी. बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर असलेल्या गाडीत नव्या बॅटरीचा प्रकार आणि क्षमता कंट्रोल युनिटला कळवावी लागते.

माझा कौल असा. गाडी ट्रॅकसाठी असेल आणि घरी परतल्यावर लिथियमसाठीच्या चार्जरला जोडली जात असेल, तर लिथियम घ्या, पैसे वसूल होतात. गाडी रस्त्यावर चालते, पण आठवड्याला एखादीच फेरी होते आणि पार्किंगमध्ये प्लग नाही, अशी असेल तर मधल्या आकाराची एजीएम घ्या. चार-पाच किलो वाचतील आणि सकाळी सेल्फ मारताना छाती धडधडणार नाही.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर झाकून ठेवायची गाडी असेल, तर १२२ दिवस कुठलीच बॅटरी पुरणार नाही, ६० अँपिअर-अवरचीही नाही. निगेटिव्ह टर्मिनल सोडा. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा, कारण अर्धवट रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात. लिथियमची अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली ठेवली की पुरे, गच्च भरून ठेवायची नाही. तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे मीटर १३.१ दाखवत असला तरी आत नेमकं किती उरलंय हे त्यावरून ठरवता येत नाही. ते बीएमएसच्या अ‍ॅपवर पाहा. अ‍ॅप नसेल तर बॅटरी आधी पूर्ण भरा, एका हेडलाइटच्या बल्बवर घड्याळ लावून हवी तेवढी उतरवा आणि मगच काढून ठेवा.