हिमगुहा

हिमगुहा : वाऱ्याने साठून घट्ट झालेल्या हिमराशीत पोकळी कोरून केलेला तात्पुरता निवारा. तंबू फाटला किंवा वादळात उभा राहीनासा झाला, की गिर्यारोहक व ध्रुवीय प्रवासी तिचा आसरा घेतात. हिमाच्या विटांनी रचलेल्या इग्लूशी तिची गल्लत केली जाते. आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवासी इन्युइट यांच्या भाषेत ‘इग्लू’ म्हणजे नुसते घर, मग ते कशाचेही असो.

हिमनिवाऱ्यांचा उगम नक्की सांगता येत नाही, कारण वितळणारे घर मागे अवशेष ठेवत नाही. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील डॉर्सेट संस्कृतीच्या (सु. इ. स. पू. ५०० पासून) वसतिस्थानांत हिम कापण्याच्या सुऱ्या सापडल्या असून त्यांवरून त्या लोकांना विटांची हिमघरे ठाऊक असावीत, असे काही पुरातत्त्वज्ञ मानतात. हे अनुमान ग्राह्य वाटते. मात्र गुहा हातांनी किंवा फळकुटानेही कोरता येते, त्यामुळे तिचे प्राचीनत्व या पुराव्यावर ठरवता येणार नाही.

हिमकणांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बाहेर उणे ३०° से. असले, तरी आतील तापमान शून्याच्या जवळपास राहू शकते. जड, थंड हवा खाली उतरावी म्हणून दार झोपण्याच्या ओट्यापेक्षा खाली ठेवावे, असा रूढ नियम आहे. उलट, दमलेल्या माणसाचे कपडे एवढे खणताना घामाने भिजतात, म्हणून तातडीच्या वेळी अंगापुरते भोक पुरे, असेही मत आहे. वादळात हेच अधिक व्यवहार्य होय. छत घुमटाकार व गुळगुळीत केले नाही, तर प्रत्येक उंचवट्यावरून पाणी ठिबकते. हवेचे छिद्र हिमाने बुजू नये म्हणून त्यात काठी खुपसून ती अधूनमधून हलवतात. छिद्र बुजून स्टोव्ह पेटता राहिल्यास कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू ओढवतो.

ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट व डूगल हॅस्टन यांनी १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या दक्षिण शिखराजवळ, सु. ८,७५० मी. उंचीवर, झोपण्याच्या पिशव्यांविना अशा भोकात रात्र काढली. दीर्घ मुक्कामाचे ठळक उदाहरण अंटार्क्टिकातील आहे. ध्रुवीय संशोधक रॉबर्ट फॉल्कन स्कॉट यांच्या मोहिमेतील व्हिक्टर कॅम्बेल यांची सहा जणांची तुकडी समुद्रातील बर्फामुळे जहाज न आल्याने १९१२ चा हिवाळाभर इनएक्सप्रेसिबल बेटावरील गुहेत राहिली. आहार सील व पेंग्विन यांचा, दिवे सीलच्या चरबीचे. काजळीने माणसे काळीठिक्कर पडली. जमिनीवर रेघ ओढून अधिकारी एका बाजूस व खलाशी दुसऱ्या बाजूस मानले जात, आणि पलीकडचे बोलणे ऐकू आले तरी ते ऐकलेच नाही असे धरले जाई. ३० सप्टेंबरला निघालेले हे सहाही जण नोव्हेंबरमध्ये केप एव्हान्सला, मोहिमेच्या तळावर, पोहोचले.