कंपन उपचार

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर ताबा न राहण्याची व्याधी) असलेल्या मुलाला कंप पावणाऱ्या यंत्राच्या पाटावर उभे करून त्याच्या हाडांना व स्नायूंना चालना देण्याची पद्धत. या व्याधीत मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. हाडे मात्र, मूल चालत नसेल तर, वयाबरोबर हवी तशी भरत नाहीत. भार पडेल तसे हाड घडते, हे यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडले होते. अशा मुलांपैकी अनेकांना लागणाऱ्या फेफऱ्यावरच्या काही औषधांनी ड जीवनसत्त्वही कमी होते. मग नुसते कपडे बदलतानाही गुडघ्याच्या वर मांडीचे हाड मोडू शकते, आणि मूल बोलत नसेल तर ते आईला रडण्यावरूनच ओळखावे लागते.

पाट एकतर सबंध वर-खाली हलतो किंवा सी-सॉसारखा डावी-उजवीकडे झुलतो. कंपने बहुधा सेकंदाला १२ ते ३० असतात. त्यांनी स्नायू आपसूक आकसतात व हाडातल्या पेशींना भाराची जाणीव होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपंगत्व असलेली २० मुले सहा महिने घरीच अशा यंत्रावर उभी राहिली. अर्ध्यांची यंत्रे तुलनेसाठी नुसती नावाला, कंप न पावणारी होती. रोजची १० मिनिटे ठरली असताना मुले सरासरी साडेचार मिनिटेही उभी राहिली नाहीत, तरी दोन गटांच्या नडगीच्या हाडाच्या घनतेत कंपन मिळालेल्यांच्या बाजूने १७.७ टक्के फरक पडला. मणक्यात मात्र फरक दिसला नाही. पुढचे अभ्यासही लहानच आहेत व त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ताजे फ्रॅक्चर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेले फेफरे असताना हा उपचार करत नाहीत.

सातारा-सांगलीकडे खरी अडचण अंतराची आहे. जत-आटपाडीहून किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून दहा वर्षांचे मूल कडेवर घेऊन आठवड्यातून चारदा एसटीने मिरज-कराड गाठणे कोणत्या आईला झेपेल? म्हणून इथे यंत्राआधी उभे राहण्याची लाकडी चौकट घरात यायला हवी. फिजिओथेरपिस्टने माप दिले तर गावचा सुतारही ती करू शकतो. रोज तीत उभे राहणे, अंगावर ऊन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी हे पाटाशिवायही सुरू करता येते. जावळी-पाटणात पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला तिची दाटसर आंबील चमच्याने भरवता येते.