जमैकातील पारंपरिक खाद्यपेये

जमैकाचे खाणेपिणे उसाच्या मळ्यांवर घडले. इंग्रजांनी १६५५ मध्ये हे कॅरिबियन बेट स्पेनकडून जिंकून घेतले आणि पुढे पश्चिम आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून तिथे आणली. त्यांच्या पोटासाठी मळेवाले स्वस्तात स्वस्त शिधा मागवत. बाकीचे ती माणसे डोंगरउतारावरच्या तुकड्यांत स्वतः पिकवत. आज जमैकात अभिमानाने रांधले जाणारे कितीतरी पदार्थ या दोन शिध्यांतून आले आहेत.

‘ॲकी आणि खारा मासा’ हा राष्ट्रीय पदार्थ त्याचेच उदाहरण. यातला मासा म्हणजे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बाजूने मीठ लावून, वाळवून येणारा कॉड. मळ्यांच्या वाट्याला त्यातला हलका माल येई. ॲकीचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले, रिठा आणि लिचीच्या कुळातले. ते अठराव्या शतकात गुलामांच्या जहाजांबरोबर आले. कॅप्टन विल्यम ब्लाय याने १७९३ मध्ये त्याचे नमुने लंडनच्या क्यू उद्यानात नेले, म्हणून शास्त्रीय नाव पडले ब्लायिया सॅपिडा.

ॲकीचे लाल फळ पिकले की झाडावरच तीन भागांत उकलते. आत पिवळसर गराच्या पाकळ्या दिसतात आणि प्रत्येकीच्या टोकाला एक काळीभोर, चकचकीत बी. फळाने अशी ‘जांभई’ दिल्याशिवाय ते तोडायचे नाही, हे तिथे लहान मुलालाही माहीत असते. कारण कच्च्या ॲकीत हायपोग्लायसिन नावाचे विष असते. ते रक्तातली साखर एकदम खाली आणते, वांत्या सुरू होतात आणि माणूस दगावूही शकतो. याच भीतीने अमेरिकेने १९७३ ते २००० या काळात ॲकीची आयात बंद ठेवली होती. घरी बी आणि गराला चिकटलेला लालसर पडदा काढून टाकतात, गर उकळतात आणि ते पाणी ओतून देतात. रात्रभर भिजवून खारटपणा उतरवलेला मासा कांदा, टोमॅटो, थाइम हा सुगंधी पाला आणि स्कॉच बॉनेट या जहाल मिरचीबरोबर परततात. त्यात गर शेवटी, हलक्या हाताने मिसळतात, नाहीतर त्याचा लगदा होतो. ताटात पाहिले तर अंड्याची भुर्जीच वाटावी. चव मात्र सौम्य, लोण्यासारखी.

ब्लायचा जमैकाशी आणखी एक संबंध आहे. मळ्यांसाठी स्वस्त अन्न म्हणून ताहितीची ब्रेडफ्रूटची रोपे आणताना १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर त्याच्याविरुद्ध बंड झाले. दुसऱ्या खेपेला, १७९३ मध्ये, त्याने ती ‘प्रॉव्हिडन्स’मधून जमैकात पोचवली. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. जमैकात तो अख्खाच निखाऱ्यावर ठेवतात आणि साल काळी पडली की सोलून फोडी करतात.

मराठी वाचकाला ओळखीची वाटतील अशी रोपे तिथे आणखीही आहेत. सकाळच्या जेवणातली ‘कॅललू’ ही पालेभाजी माठाच्या जातीची असते. रविवारचा ‘राइस अँड पीज’ हा नारळाच्या दुधात शिजवलेला भात सहसा राजम्याचा असतो, पण नाताळात त्यात ‘गुंगो’ म्हणजे तुरीचे दाणे पडतात. कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, जाड भाकरी, ‘बॅमी’, याहून जुनी, ताइनो या मूळ रहिवाशांची. कडू कसाव्याचा विषारी रस पिळून काढून ती भाजतात, मग नारळाच्या दुधात भिजवून तळतात आणि तळलेल्या माशाबरोबर खातात.

‘जर्क’ ही ‘मरून’ लोकांची देणगी. मळ्यांवरून पळून ब्लू माउंटन्सच्या रानात स्वतंत्र राहिलेले हे लोक रानडुकराचे मांस मसाला लावून मंद आचेवर धुरावत. या मसाल्याचा जीव म्हणजे पिमेंटो, जगात ऑलस्पाइस म्हणून विकली जाणारी मिरीसारखी फळे. त्यांना लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र वास येतो. पिमेंटोचेच लाकूड खाली जळत असेल तर खरा जर्क, असे जाणकार मानतात. जमैकाच्याच पोर्टलंड भागातले बॉस्टन बे त्यासाठी प्रसिद्ध आहे. शहरांत उभ्या चिरलेल्या लोखंडी पिंपांवर कोंबडी भाजली जाते.

१८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० भारतीय करारबद्ध मजूर आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्यामुळे ‘करी गोट’ हे बोकडाचे कालवण आले आणि आज ते सगळ्या जमैकाचे झाले आहे. लग्न असो वा मृत्यूनंतरची नऊ रात्रींची जागरणे, त्याचे पातेले चढतेच. मसाला आधी तेलात चांगला परततात. त्याला तिथे ‘करी जाळणे’ म्हणतात. मुंडी-पायांचे सूप, ‘मॅनिश वॉटर’, नवरदेवाला आग्रहाने देतात.

नाताळचे पेय ‘सॉरल’ लाल अंबाडीचे असते. बोंडाभोवतीच्या मांसल पाकळ्या आणि ठेचलेले आले यांवर उकळते पाणी ओतून रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी गडद लाल, आंबट पाणी गाळून त्यात साखर आणि बहुधा रम घालतात. रम उसाच्या मळीची. ॲपल्टन इस्टेटमध्ये ती १७४९ पासून बनते. कॉफी आणली माजी गव्हर्नर निकोलस लॉज याने, १७२८ मध्ये. ब्लू माउंटन्सच्या उंच, धुकट उतारांवरची कॉफी आज जगातल्या महागड्या कॉफींत मोडते. गंमत म्हणजे जमैकन बोलीत कुठलेही गरम पेय ‘टी’च असते: कोको-टी, मिंट-टी, आणि रस्त्याकडेच्या टपरीवर पेल्यातून मिळणारे माशाचे पातळ, तिखट सूप म्हणजे फिश-टी.