पराभूत प्रतिस्पर्ध्याला सोबत घेतल्याने मते वाढतात का?

१४ जुलै १९६० रोजी सकाळी लॉस एंजलिसच्या बिल्टमोर हॉटेलात जॉन केनेडी नवव्या मजल्यावरून दोन मजले खाली उतरून लिंडन जॉन्सन यांच्या खोलीत गेले. आदल्या रात्रीच अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी जॉन्सन यांना ८०६ विरुद्ध ४०९ मतांनी हरवले होते. आता त्यांच्याच पुढे उपाध्यक्षपदाची उमेदवारी ठेवली गेली आणि केनेडींचे धाकटे बंधू रॉबर्ट यांचा विरोध असूनही ती कायम राहिली. नोव्हेंबरमध्ये जॉन्सन यांचे टेक्सस राज्य केनेडींना सुमारे ४६ हजार मतांच्या फरकाने मिळाले. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला सोबत घेणे लाभाचे असते, हे सांगताना आजही हाच दाखला दिला जातो.

मात्र थोडा हिशेब करून पाहावा. विजयासाठी २६९ इलेक्टोरल मते (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, ज्यांवर अध्यक्ष ठरतो ती मते) लागत होती आणि केनेडींना ३०३ मिळाली. टेक्ससची २४ वजा केली तरी २७९ उरतात. अर्थात जॉन्सन दक्षिणेतील इतर राज्यांतही फिरले होते, त्यामुळे एवढ्यावरून त्यांचा उपयोग शून्य ठरत नाही. खरी अडचण अशी, की तीच निवडणूक दुसरा जोडीदार देऊन पुन्हा घेता येत नाही. म्हणून अभ्यासक एखाद्या राज्याच्या आधीच्या निकालांवरून अपेक्षित मते काढतात आणि प्रत्यक्ष मतांशी त्यांची तुलना करतात. क्रिस्तोफर डिवाइन आणि काइल कोप्को यांनी अशी पडताळणी केली, तेव्हा उपाध्यक्षपदाच्या उमेदवारामुळे त्याच्या राज्यात मिळणारा फायदा सरासरीने जवळजवळ शून्य निघाला. या निवडीवरून मतदार मुख्य उमेदवाराची पारख करतात, हा परिणाम त्यांना अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुरावलेल्या समर्थकांचे काय? २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांना पक्षांतर्गत लढतीत सुमारे पावणेदोन कोटी मते मिळाली होती आणि त्यांचे नाराज समर्थक रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांच्याकडे वळतील अशी भीती होती. ही लढत जिंकलेल्या ओबामांनी तरीही जो बायडन यांना निवडले. तेही पराभूत प्रतिस्पर्धीच होते, पण पक्षांतर्गत लढतीच्या पहिल्याच राज्यात, आयोवात, एक टक्काही पाठिंबा न मिळाल्याने माघार घेतलेले. मतदानोत्तर पाहणीत स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांनी ओबामांना मत दिल्याचे दिसले. मधल्या काळात आर्थिक संकट कोसळले होते हे खरे. तरीही पक्षांतर्गत लढतीच्या भरात व्यक्त झालेला राग मतदानापर्यंत बहुतांशी निवळतो आणि पक्षनिष्ठा पुन्हा वर येते.

म्हणून मतांच्या आशेने प्रतिस्पर्ध्याला घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते. त्याला घेण्याचे सबळ कारण वेगळेच आहे: देशभराच्या प्रचारात पत्रकारांनी आणि विरोधकांनी त्याची झडती आधीच घेतलेली असते. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न यांनी उपाध्यक्षपदासाठी घाईत थॉमस ईगलटन यांना निवडले. नैराश्यासाठी त्यांनी पूर्वी घेतलेले विजेच्या झटक्यांचे उपचार उघड झाले आणि अठराच दिवसांत त्यांना बाजूला व्हावे लागले. ते अध्यक्षपदाच्या शर्यतीत कधी उतरलेच नव्हते.

शिवाय हे पद केवळ प्रचारापुरते नसते. अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे आजवर नऊ उपाध्यक्षांना मध्येच कारभार हाती घ्यावा लागला आहे. जॉन्सन त्यांपैकीच एक. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी टेक्ससमधील डॅलसच्या विमानतळावर, केनेडींची शवपेटी असलेल्या विमानातच त्यांनी शपथ घेतली आणि केनेडींनी मांडलेले नागरी हक्कांचे विधेयक पुढच्या जुलैत त्यांच्या सहीने कायदा झाले.