छेदातली माणसं

निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. त्यामुळे आमच्याकडचा माणूस जुलाबाने फारच खंगला तर पुष्कळदा हद्द ओलांडून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातो. पत्ता कर्नाटकातला, नोंद महाराष्ट्रात. मग निपाणीत साथ आली की नाही, हे सांगायचं कुणी? तरी आपल्याकडे दोन्ही राज्यांची माहिती शेवटी एकाच देशाच्या यंत्रणेत जाते.

सीरियात तेवढंही उरलं नव्हतं. २०१२ मध्ये दमास्कसच्या सरकारने साथींची पूर्वसूचना देणारी नोंदवही सुरू केली, २०१३ मध्ये विरोधकांच्या ताब्यातल्या उत्तर भागासाठी दुसरी सुरू झाली. एका देशाच्या दोन वह्या! त्याच वर्षी, १९९९ नंतर पहिल्यांदा, तिथे पोलिओ परतला.

पण रोगी मोजणं त्यातल्या त्यात सोपं. खरी गोची दर काढताना ज्याने भागायचं त्या छेदाची, म्हणजे एकूण माणसं किती याची. हंगामात आमच्या शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या खोपी पडतात. त्यांची पोरं उपकेंद्राच्या लोकसंख्येत धरायची का? (आपली जनगणना तरी २०११ चीच.) युद्धात तर अख्खी गावं अशी उठतात.

जुलै १९९४ मध्ये रवांडाचे निर्वासित आजच्या काँगोतल्या गोमा इथे आले आणि पटकी, हगवणीने पटापट मेले. जमीन ज्वालामुखीच्या कातळाची, खड्डा खणवेना. प्रेतं रस्त्याकडेला ठेवली जात, ट्रक ती उचलत, म्हणून मोजता तरी आली: महिन्याभरात सुमारे ५०,०००. माणसं मात्र ५ लाख की ८ लाख, हे ठरेना. ५ लाख धरली तर दहा हजारांमागे रोज ३३ मृत्यू, ८ लाख धरली तर २१. रोज १ झाला की आणीबाणी मानतात, तेव्हा तिथे वादाला जागाच नव्हती.

वाद होतो तो काठावरच्या छावणीत. समजा, आठवड्यात १४ जण गेले. रेशनच्या यादीत २५,००० नावं, तंबूंत माणसं १६,०००. दर दिसतो ०.८, असतो १.२५. यादी फुगते, कारण जास्त नावं म्हणजे जास्त धान्य. त्याच पोटासाठी घरातला मृत्यूही लपवला जातो. छेद वाढतो, अंश घटतो. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात आणि छावणी ठणठणीत दिसते. मला यात लबाडी दिसत नाही, भूक दिसते.

म्हणून मोजणारे यादी बाजूला ठेवून तंबू मोजतात, काही तंबूंत डोकावून सरासरी माणसं काढतात, आणि दफनभूमीवर चोवीस तास माणूस बसवतात. नवी कबर दिसली की तो वहीत एक रेघ ओढतो.