रताळू मागितलं तर कोनफळ आलं

गेल्या महाशिवरात्रीला न्यू जर्सीत रताळ्याचा कीस करायचा म्हणून मी दोन दुकानं फिरले आणि दोन्हीकडे गंडले. सुपरमार्केटात 'यॅम' अशी पाटी लावलेल्या ढिगातून लालसर सालीचे कंद उचलले, आणि हे नाहीच जमलं तर असू दे म्हणून गुजराती किराणावाल्याकडून 'रताळू' लिहिलेलं फ्रोझन पाकीटही घेतलं. घरी येऊन यॅम कापला तर आतून गाजरासारखा केशरी, पाकीट फोडलं तर गडद जांभळे तुकडे. म्हणजे यॅम म्हणून घेतलं ते निघालं रताळं, आणि रताळू म्हणून घेतलं ते खरं यॅम, म्हणजे आपलं कोनफळ. बरोब्बर उलटं!

गुजरातीत रताळू म्हणजे कोनफळ आणि आपल्या रताळ्याला ते शक्करिया म्हणतात, उंधियोत दोन्ही पडतात त्यामुळे त्यांचा कधी घोळ होत नाही, होतो तो आपला.

आता दोघांचं नातं बघायचं तर काहीच नाही, दोघं जमिनीखाली वाढतात एवढंच. रताळं हे आयपोमिया वंशातलं, म्हणजे गणेशवेल, समुद्रकिनाऱ्यावरची मर्यादवेल आणि नाल्याकाठी माजणारं बेशरम ही त्याची सख्खी भावंडं (फूल बघा, तोच भोंगा). ते द्विदल आहे. यॅम मात्र डायोस्कोरिया वंशातलं आणि एकदल, म्हणजे भात, केळी, नारळ यांच्या बाजूचं. पानावरून मात्र फसायला होतं, कारण एकदल असूनही यॅमची पानं बदामी आकाराची आणि जाळीदार शिरांची असतात. कोनफळाचा वेल हातात धरलात तर चौकोनी लागतो, कडांना पातळ पंख असतात. कोकणातले करांदे आणि कणगर हेही खरे यॅमच, त्यातले करांदे तर जमिनीत कमी आणि वेलावरच जास्त लटकतात. आणि ज्याला इंग्रजीत 'एलिफंट फूट यॅम' म्हणतात तो आपला सुरण? तो यॅम नाहीच, तो अळवाचा नातेवाईक.

मग अमेरिकेत रताळ्याला यॅम कोणी केलं? पश्चिम आफ्रिकेतल्या काही भाषांत 'न्याम'सारखा शब्द 'खाणे' या अर्थाने आहे, तिथलं मुख्य पीकच यॅम, आजही जगातलं निम्म्याहून जास्त यॅम एकट्या नायजेरियात पिकतं. गुलाम करून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन लोकांना तिथे आपला कंद मिळेना, तर जे रताळं मिळालं त्यालाच जुनं नाव चिकटलं. पुढे 1930च्या दशकात लुइझियानात केशरी, मऊ गराची नवी जात बाजारात आणली तेव्हा ती नेहमीच्या फिकट रताळ्यापेक्षा वेगळी दिसावी म्हणून 'यॅम' याच नावाने खपवली. आता तिथे यॅम लिहिलं तर सोबत 'स्वीट पोटॅटो'ही लिहावं लागतं, मी ती बारीक अक्षरं वाचलीच नव्हती, चूक माझीच.

नावांवर हसण्याआधी एक सांगते, आपणही त्यातलेच. रताळ्याचं मूळ गाव अमेरिका खंड, कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक त्याला 'बटाटा' म्हणायचे. पोर्तुगीजांमार्फत तो शब्द आपल्याकडे आला आणि बसला भलत्याच कंदावर! रताळ्याच्या शास्त्रीय नावात अजून 'बटाटास' आहे. आणि हे परदेशी कंद आपण उपासाला चालवून घेतले, कांदा मात्र बिचारा बाहेर.

रताळ्याची अजून एक भारी गोष्ट 2015 साली कळली. लागवडीतल्या जवळजवळ तीनशे नमुन्यांचा डीएनए तपासला तर सगळ्यांत अॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या जमिनीतल्या जिवाणूचे जीन सापडले. वनस्पतीत बाहेरचे जीन घुसवायला लॅबमध्ये हाच जिवाणू वापरतात, इथे त्याने ते काम कोणाला न विचारता हजारो वर्षांपूर्वीच उरकलेलं. जीएमला, म्हणजे असे बाहेरचे जीन घातलेल्या पिकांना, नाक मुरडणारे आमचे काका एकादशीला दोन रताळी जास्तच खातात.

चवीचंही गणित वेगळं. रताळं हे फुगलेलं मूळ, त्यात एक एन्झाइम असतं जे साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान स्टार्च तोडून माल्टोज ही साखर बनवतं. म्हणून निखाऱ्यात हळूहळू भाजलेलं रताळं मधासारखं लागतं आणि मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत उरकलेलं तेवढं गोड होत नाही, एन्झाइमला वेळच मिळत नाही हो. यॅम शिजवून असं गोड होत नाही, पिठूळ होतं, पश्चिम आफ्रिकेत ते उकडून उखळात कुटून गोळा करून रश्श्याबरोबर खातात. कच्चं यॅम खाऊ नये, बऱ्याच जातींनी खाज सुटते आणि काही कडू जंगली जाती तर विषारी असतात.

माझ्या किसाचं काय झालं? केशरी रताळ्यात पाणी जास्त, त्यामुळे कढईत कीस न होता शिरा झाला, शेवटी साखर-वेलची घालून तसाच वाढला. किसासाठी पांढऱ्या गराचं, कोरडं रताळं बघून घ्या, तिकडे ते 'यॅम'च्या शेजारच्याच ढिगात असतं. जांभळ्या पाकिटाची दुसऱ्या दिवशी भजी केली, ती मात्र पाच मिनिटांत संपली.