भजनी मंडळ (मराठवाडा)

भजनी मंडळ म्हणजे एका गावातल्या किंवा वस्तीतल्या लोकांनी नेमाने एकत्र बसून अभंग, गौळणी, पदे आणि भारुडे गाण्यासाठी चालवलेले मंडळ. मराठवाड्यात मारुतीचे किंवा विठ्ठलाचे देऊळ असलेल्या गावात असे मंडळ बहुधा असतेच. मोठ्या गावात दोन-तीन असतात आणि त्यांचे आपसात फारसे जमतेच असे नाही. सभासद होण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. चार एकादश्या टाळ घेऊन बसला की माणूस मंडळातला झाला. त्यामुळे मंडळ कधी सुरू झाले, याचे उत्तर ‘आजोबांच्या काळापासून’ एवढ्यावर थांबते. बाकीचा इतिहास वह्या, पहाऱ्याचे तक्ते, पत्रिका आणि जमाखर्च यांतून जुळवावा लागतो.

गाण्याची रीत सगळीकडे साधारण सारखी आहे. टाळकरी समोरासमोर दोन रांगा करतात, विणेकरी मध्ये उभा राहतो, मृदंग आणि पेटी एका बाजूला. ‘जय जय राम कृष्ण हरी’ने सुरुवात होते, मग रूपाचे अभंग, त्यानंतर प्रसंगाप्रमाणे विषयाचे अभंग, गौळण आणि शेवटी आरती व पसायदान. पुढचा गायक चरण म्हणतो आणि मागचे सगळे धृपद धरतात. सर्वांचा सूर एकच असतो. वेगवेगळ्या पट्ट्यांत एकाच वेळी गाण्याची रीत इथे नाही. गोडी येते ती चाल चढवण्यातून, टाळाची लय दुप्पट करण्यातून आणि धृपद अचूक उचलण्यातून. मृदंगाच्या डाव्या पुडीला बसण्याआधी ओली कणीक थापतात. ती कमी-जास्त करत, बोटाने दाबून पाहत मृदंगवाला हवा तो घुमार मिळेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवतो. कणीक वाळली की भजन रंगात असले तरी तो पाण्याचा हात फिरवून घेतोच.

या परंपरेची मुळे मराठवाड्याच्या मातीत खोल आहेत. ज्ञानेश्वरांचे आपेगाव, नामदेवांचे म्हणून मानले जाणारे हिंगोली जिल्ह्यातले नर्सी, जनाबाईचे गंगाखेड, गोरोबाकाकांचे तेर आणि एकनाथांचे पैठण ही सगळी गावे याच प्रदेशातली. पैठणच्या नाथषष्ठीला, फाल्गुन वद्य षष्ठीला, आजही गावोगावच्या दिंड्या येतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) रागांत बांधलेली पदे मोठ्या संख्येने रचली. त्यांची सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी, म्हणजे कापडावर लिहिलेला ग्रंथ, प्रसिद्ध आहे. परंड्याजवळच्या डोमगावच्या मठात रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत जपली गेली. मठांतली ही बाडे, म्हणजे हस्तलिखितांच्या चोपड्या, आणि मंडळांच्या वह्या एकाच सवयीतून आल्या: जे गायचे ते आधी हाताने उतरवून घ्यायचे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली बाडे गोळा केली म्हणून ती टिकली. भजनी मंडळांच्या वह्यांकडे तशा नजरेने फार थोड्यांनी पाहिले.

आजचे मंडळ ज्या स्वरूपात दिसते ते बरेचसे विसाव्या शतकातले आहे. १९१७ मध्ये जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकून आलेल्यांनी गावोगाव पाठांतर, चाली आणि मृदंग शिकवले. बीड जिल्ह्यात बंकटस्वामींनी आणि पुढे भगवानबाबांनी (१८९६–१९६५) नामसप्ताहाची प्रथा घट्ट केली. भगवानगडाचा नारळी सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावी होतो. यंदाच्या समाप्तीला नारळ ज्या गावाला मिळेल, पुढचा सप्ताह त्याचा. वैजापूरच्या बाजूला गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाचा प्रभाव मोठा आहे. सप्ताह आला की मंडळ लागतेच, आणि मंडळ असले की सप्ताहाचा हिशेब ठेवावा लागतो. कागद जन्माला येतो तो इथे.

निजामी राजवटीत सार्वजनिक सभांवर परवानगीची अट होती. ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम त्या पिढीच्या तोंडी होता. मोठ्या संख्येने जमण्याच्या ज्या मोजक्या निमित्तांना लोक सरावले होते, त्यांत भजन-कीर्तन होते. १९३८–३९ च्या सत्याग्रहात धार्मिक स्वातंत्र्याचा प्रश्न पुढे आला, त्यामागे हीच अडचण होती. म्हणून प्रत्येक भजनी मंडळाला स्वातंत्र्यलढ्याचे केंद्र ठरवण्याची हौस मात्र आवरावी. वर्धापनदिनाच्या अंकांत ती फार दिसते, वह्यांत तिचा आधार क्वचित मिळतो.

वही आणि तक्ता

मंडळाची मुख्य दप्तर-वस्तू म्हणजे अभंगांची वही: लाल कापडाच्या बांधणीची, उभी किंवा आडवी चोपडी, पहिल्या पानावर ‘श्री’. अनेकांनी हाताळल्याने कडा काळवंडलेल्या असतात आणि मधल्या पानांत बुक्का अडकलेला सापडतो. जुन्या वह्या मोडी लिपीत असतात, पुढच्या बाळबोधीत. अभंग पूर्ण लिहिलेला नसतो, कारण तो पाठ असतो. फक्त पहिला चरण, शेजारी गाथेतला आकडा आणि वर चालीची खूण. आकडा बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तुकारामगाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक वेगळे आहेत. जोगमहाराजांची प्रत, देहूची प्रत, सरकारी प्रत यांपैकी गावात कोणती होती ते त्यावरून लागते, आणि त्यासोबत गावाला शिकवणारा कोणत्या परंपरेतला होता याचाही माग मिळतो. चालीची खूण मात्र बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या अभंगाची असते: ‘अमुकप्रमाणे’. ज्याला ती मूळ चाल येत नाही त्याच्यासाठी ही नोंद मुकी आहे. वहीने शब्द जपले, सूर जपला नाही, ही या दप्तराची सगळ्यात मोठी उणीव आहे.

दुसरा कागद पहाऱ्याचा तक्ता. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, म्हणून विणेकऱ्यांच्या पाळ्या लावतात. दोन-दोन तासांची पाळी धरली तर दिवसाला १२ आणि सप्ताहाला ८४ पहारे होतात. तक्त्यात वेळ, पहारेकऱ्याचे नाव, कधी आळीचे किंवा भावकीचे नाव. हा तक्ता देवळाच्या भिंतीला चिकटवतात आणि काल्याच्या कीर्तनानंतर तो फाटून जातो. जिथे एखाद्या नीटनेटक्या कारभाऱ्याने तो वहीत उतरवून ठेवला, तिथे गावाचा आरसाच हाती लागतो: मध्यरात्री दोन ते चारचा पहारा वर्षानुवर्षे कोणत्या घरांकडे, दिवसाचा सोयीचा कोणाकडे, आणि कोणत्या वस्तीचे नाव तक्त्यात कधीच आले नाही.

सप्ताहाची पत्रिका ही एकमेव छापील नोंद. काकडा, पारायण, गाथाभजन, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, जागर असा दिवसाचा क्रम, रोजच्या कीर्तनकाराचे नाव, गायनाचार्य, मृदंगाचार्य आणि अन्नदाते. जुन्या पत्रिकांत मिती आणि वार असतो, साल छापलेलेच नसते. छापणाऱ्याला त्याची गरज वाटली नव्हती. अशा वेळी तिथी आणि वार पंचांगाशी ताडून पाहिले की शक्य असलेली सगळी सालं एकेक करून गळतात आणि थोडी उरतात. त्या काळातल्या कीर्तनकाराच्या हयातीशी ते जुळवले की बहुतेक वेळा एकच उरते. अन्नदात्यांची यादी पत्रिकेत दरवर्षी लांबत जाते. टाळकऱ्यांसाठी मात्र ‘समस्त भजनी मंडळ’ एवढे तीन शब्द पुरतात.

जमाखर्चाची वही वाचायला कोरडी, पण काळ सांगायला पक्की. १९४८ पूर्वीच्या नोंदींत साल फसली, म्हणजे महसुली, असते आणि रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. हैदराबाद राज्यातले फसली साल ऑक्टोबरच्या सुमारास बदले, म्हणून इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदींत ५९० आणि जानेवारीपासूनच्या नोंदींत ५९१ मिळवायचे. फसली १३५७ म्हणजे १९४७–४८, हैदराबादवरच्या पोलीस कारवाईचे वर्ष. त्याच वहीत मितीसोबत शके असेल तर ते गुढीपाडव्याला बदलते, हे विसरले की हिशेब एका वर्षाने चुकतो. हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हे प्रमाण धरल्याशिवाय वर्गणीची तुलना करता येत नाही. खर्चाच्या बाजूला बुक्का, साखर, चहापत्ती, पुडी बदलणे, पेटीच्या भात्याची दुरुस्ती. गॅसबत्तीचे मँटल आणि रॉकेल ज्या वर्षी वहीतून गायब होते आणि कर्ण्याचे भाडे दिसू लागते, त्या वर्षाच्या आसपास देवळात वीज आली असे समजायला हरकत नाही.

सरकारी दप्तरातला इतिहास त्यामानाने तोकडा. बहुतेक मंडळे नोंदणीच करत नाहीत. सभामंडप बांधायचा, जागा नावावर करायची किंवा अनुदान घ्यायचे असले की १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आठवतो. मग धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकमध्ये विश्वस्तांची नावे येतात आणि विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. हे अर्ज तुंबतात, भांडणे होतात. त्या फायलींतून मंडळ कोणाच्या ताब्यात होते ते कळते, काय गात होते ते नाही. नोंदणीच्या तारखेलाच स्थापनेची तारीख मानणे ही सर्रास होणारी गफलत आहे.

महिला भजनी मंडळे आज अनेक गावांत आहेत. अधिक मास, श्रावण, नवरात्र, बारसे, कुठेही त्यांना बोलावणे असते. पखवाजाऐवजी ढोलकी किंवा तबला, आणि जात्यावरच्या ओव्यांच्या चाली अभंगाला सहज लागलेल्या. जनाबाईच्या प्रांतात बायका पूर्वी गात नव्हत्या असे कोण म्हणेल? पण जुन्या वह्या, तक्ते, पत्रिका यांत त्यांची नावे शोधून सापडत नाहीत. त्यांचा हिशेब अलीकडच्या बचत गटाच्या वहीतच बऱ्याचदा असतो.

मंडळ फक्त वारकऱ्यांचे नसते. लातूर, नांदेड, बीड या पट्ट्यात वीरशैव समाजाची शिवभजनी मंडळे मन्मथस्वामींचे अभंग गातात आणि कार्तिक पौर्णिमेला दिंड्या घेऊन बीडजवळच्या कपिलधारला जातात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध वस्त्यांत बुद्ध-भीमगीतांच्या गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या जुन्या गायकांचा टाळ-पेटीचा हात अनेकदा भजनातलाच. जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचे संस्थापक नारायण शेषाद्री, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन रुजवणारे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), यांच्यामुळे इथल्या चर्चमध्येही पेटी-तबल्यावरची भजने आली.

नोंदींत खंड पडण्याची कारणेही प्रदेशाचीच आहेत. जायकवाडीच्या नाथसागरात गावे गेली, देव नव्या जागी बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवमधली गावेच्या गावे पाडली आणि ती दुसरीकडे वसवावी लागली. बीड आणि आसपासच्या ऊसतोड कामगारांची घरे दसरा-दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत बंद असतात, म्हणून त्या गावांचे काकड्याचे भजन म्हाताऱ्यांवर चालते आणि सप्ताह चैत्र-वैशाखात ठेवतात.

आता पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरते आणि तिच्यावर साल ठळक असते. कीर्तनाचे चित्रीकरण यूट्यूबवर जाते, पण कॅमेरा कीर्तनकारावर असतो. धृपद ऐकू येते, धरणारे दिसत नाहीत. नव्या पिढीतले गायक अभंग मोबाइलवर पाहून म्हणतात. त्यामुळे वहीत नवी पाने भरणे अनेक गावांत थांबले आहे. चाली मात्र आता फोनमध्येच रेकॉर्ड होतात, आणि कोणती चाल कोणाकडून घेतली हे फाइलच्या नावात लिहिण्याची सवय अजून लागलेली नाही.